गुरुवारच्या मधोमध

मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे. जुना म्हणजे मधोमध तोडलेला आणि तांब्याच्या तारेने पुन्हा शिवलेला. औषधांच्या दुकानात माझ्यासारखे नवे डबे रांगेने टांगलेले असतात, सात खणांचे, सरळ आणि चकचकीत. त्यांच्याशेजारी मला टांगलं तर ते घाबरून खिळ्यावरून उड्या टाकतील. माझ्या अंगावरची ही शिवण सत्तुराच्या घावाची आहे. गोळ्यांच्या डब्यावर सत्तूर कोणी चालवला आणि का, ते सांगायचं तर जन्मापासून सांगावं लागेल. मित्रांनो, तुम्ही कच्च्या काळजाचे असाल तर आधी जेवून घ्या. नंतर घास उतरणार नाही.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळेपर्यंत तापवले, साच्यात कोंबले, वरून दाबले आणि मी धड थंड व्हायच्या आत मला बाहेर ओढून एका बाईने माझ्या कडा पात्याने सोलल्या. ती तोंडाने गाणं गुणगुणत होती. मी किंचाळत होतो, पण माझा आवाज त्या गाण्याच्या चालीत बसत नसावा. मग माझ्या झाकणांवर वारांची अक्षरं ठोकली: सो, मं, बु, गु, शु, श, र. होय, चौथ्या झाकणावर नुसतं 'गु' लिहिलं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे याच खणावर रक्त सांडणार आहे आणि तेव्हा हसलात तर बरं दिसणार नाही.

मला विकत घेतलं ते ताईने. ताई मालट्रक चालवायची. तिचा आवाज इतका मोठा होता की ट्रकचा हॉर्न बिघडला तर ती दुरुस्त करून घेत नसे, खिडकीतून डोकं काढत असे. तिच्या वडिलांच्या हृदयात नवी झडप बसवली होती. अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची एक गोळी घ्यावी लागते, रोज, जन्मभर. ही गोळी दिसायला अगदी गरीब असते, मुगाच्या दाण्याएवढी. पण ती कमी पडली तर रक्त घट्ट होऊन झडपेपाशी गाठ अडकते, आणि जास्त झाली तर रक्त इतकं पातळ होतं की साध्या ओरखड्यातून वाहायला लागलेलं थांबत नाही. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी, ना कमी ना जास्त, आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून ताईने मला आणलं, सातही खण भरले आणि बापासमोर आपटून म्हटलं की आठवड्यात एक जरी खण चुकला तर ट्रक दुकानात घालीन.

दुकान मटणाचं होतं. पुढे दुकान, मागे घर. ताईच्या वडिलांना सगळे एकघाव म्हणत, कारण त्यांनी सत्तूर एकदा उचलला की दुसऱ्यांदा उचलायची वेळ येत नसे. केवढंही हाड असो, एक घाव, दोन तुकडे. लोक मटण घ्यायला कमी आणि तो घाव बघायला जास्त येत. आता आजारपणाने एकघाव गल्ल्यामागच्या स्टुलावर बसत आणि काम त्यांची दोन मुलं करत, थोरला आणि धाकटा. दोघेही बैलासारखे. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. जी कोणी त्यांच्याशी बोलायला येई, तिच्यादेखत ते एकमेकांची गचांडी धरत आणि ती उलट पावली निघून जाई.

या घरात माया दाखवायची एकच रीत होती, पाठीत धपाटा. सकाळी उठल्यावर धपाटा, जेवायला बसताना धपाटा, कोणाला शिंक आली तर दोन. भाऊ एकमेकांशी बोलताना मध्ये सुरी हवेत फिरवत, पण ती पूर्णविरामासारखी, कोणाला लागायची नाही. आणि इथे रक्ताचं कोणाला काही वाटत नसे. ॲप्रनवर रक्त, फरशीवर रक्त, पंच्यावर रक्त. कुठे लाल डाग दिसला तर कोणाचं, असं कोणी विचारत नसे. कितीला दिलं, असं विचारत.

तिथे माझे सुरुवातीचे दिवस फार मानात गेले. एकघावांनी मला सुऱ्यांच्या रांगेत, मानाच्या जागी ठेवलं. गिऱ्हाइकांना ते मला दाखवत आणि हा माझा आठवडा, असं म्हणत. गोळी ते स्वतःच घेत. एकदा जेवणानंतर त्यांना आठवेना की गोळी घेतली की नाही. माणसाला कालचं जेवण आठवतं, पण आत्ता गिळलेली गोळी आठवत नाही. त्यांनी माझं मंगळवारचं झाकण उघडलं. खण रिकामा होता. म्हणजे घेतली. विषय संपला. त्या दिवशी त्यांनी मलाही एक धपाटा दिला. मित्रांनो, तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही, आणि दुखलंही चांगलंच.

मग खिम्याचं प्रकरण झालं.

एका गिऱ्हाईक बाईंनी सहज म्हटलं की धाकट्याच्या हातचा खिमा जरा जास्त बारीक असतो. एवढं बोलून बाई पिशवी घेऊन गेल्या. आपण एका घराला आग लावून चाललो आहोत, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. धाकटा हसला. थोरल्याने विचारलं, हसायला काय झालं. धाकटा म्हणाला, काही नाही, बाईंना कळतं. थोरल्याच्या हातात बोकडाची तंगडी होती, ती त्याने धाकट्याच्या कानशिलात घातली. धाकट्याने वजनकाट्याचं पारडं उपटून थोरल्याच्या गुडघ्यावर हाणलं. दोघे एकमेकांना धरून फरशीवर पडले, आकड्याला लटकवलेलं अर्धं बोकड त्यांच्या अंगावर पडलं, आणि काही वेळ कोणता पाय कोणाचा हेच कळेना. धाकट्याचा एक दात खिम्याच्या परातीत गेला. तो खिमा पुढे कोणी नेला, हे मी विचारलं नाही.

थोरल्याने हाताला येईल ते भिरकावायला सुरुवात केली आणि त्याच्या हाताला मी आलो. भिंतीवर आपटलो तेव्हा माझं रविवारचं झाकण उडून गटारात गेलं. रविवार तेव्हापासून उघडाच आहे. सुट्टीचाच वार, चालायचंच.

एकघाव स्टुलावरून ओरडत होते. पण त्यांच्या ओरडण्यात आता जोर राहिला नव्हता, आणि ज्या घरात सगळेच ओरडतात तिथे बिनजोराचं ओरडणं म्हणजे कुजबुज.

दुसऱ्या दिवशी भावांनी वाटणी काढली. बापाने आयुष्यभर एकच शिकवलं होतं, तेच त्यांनी केलं. लाकडी ओंडका करवतीने मधोमध कापला. त्यानंतर दोन्ही अर्धे डुगडुगू लागले आणि दोघांचंही कापणं वाकडं व्हायला लागलं. जेवायचं टेबल कापलं आणि आपापला अर्धा भाग भिंतीला टेकवून ठेवला. छत्रीसुद्धा कापली. पावसात दोघेही अर्धे भिजत, पण समाधानाने. आरसा कापायला निघाले होते, तो आपणहून फुटला. घराच्या मधून खडूची रेषा ओढली गेली आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरलं. हे ठरवण्यासाठी ते शेवटचं बोलले.

राहता राहिले एकघाव. त्यांचे तुकडे करणं दोघांनाही प्रशस्त वाटलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांची खाट बरोबर रेषेवर ठेवली आणि त्यांचे दिवस वाटून घेतले. ज्याचा दिवस त्याने जेवायला घालायचं आणि गोळी द्यायची. एकेक आठवडा आलटून पालटून करता आला असता, पण पहिला आठवडा दुसऱ्याचा असावा, हे दोघांनाही सोसवेना. आठवडा सातांचा. साडेतीन दिवस याचे, साडेतीन त्याचे. आणि दिवस ज्यात ठेवलेले तो मी. भावांच्या नजरा सावकाश माझ्याकडे वळल्या, तेव्हा माझ्या प्लॅस्टिकला घाम फुटला.

कोण कापणार, यावर पुन्हा अडलं. थोरल्याने कापलं तर तो आपलं काम कमी करायला मंगळवारकडे सरकवेल आणि धाकट्याने कापलं तर शनिवारकडे, अशी दोघांची खात्री होती. शेवटी दोघांनी बापाकडे पाहिलं. एकघाव उठले. त्यांचा हात कापत होता. त्यांनी मला अर्ध्या ओंडक्यावर आडवं ठेवलं, एकदा अंगठ्याने माझी लांबी मोजली आणि सत्तूर उचलला. उचलल्याबरोबर हाताचं कापणं थांबलं. मला त्यांचे डोळे दिसत होते. त्यांना हे करायचं नव्हतं. पण नाही म्हटलं तर मुलं आपल्या हाताने करतील आणि त्या नादात एकमेकांची बोटं तोडतील, हे त्यांना कळत होतं.

एक घाव. दोन तुकडे.

घाव गुरुवारच्या बरोबर मधोमध बसला. 'गु'मधल्या गची गाठ थोरल्याकडे गेली, त्याचा काना आणि उकार धाकट्याकडे. केसभरही फरक नाही. रस्त्यावर थांबलेल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. एकघावांचा तो शेवटचा घाव. त्यानंतर त्यांनी सत्तूर हातात धरला नाही.

मित्रांनो, तुम्ही विचाराल की दोन तुकडे झाल्यावर माझा जीव कुठल्या तुकड्यात गेला. दोन्हींत. त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसू लागलं, आणि बोलता मात्र एकीकडेही येईना.

थोरल्याकडे सोमवार, मंगळवार, बुधवार आणि अर्धा गुरुवार. धाकट्याकडे अर्धा गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. फाटक्या बाजूला दोघांनी चिकटपट्टी लावली. गुरुवारी दोघांनी अर्धी अर्धी गोळी द्यायची असा करार होता, आणि पहिल्या एकदोन गुरुवारी तो पाळलाही गेला. मग थोरल्याच्या मनात आलं, आपला भाऊ किती चिक्कू आहे ते आपल्याला माहीत आहे, तो कसली देतोय अर्धी. बाबांच्या जिवाशी खेळ नको. त्याने अख्खी दिली. धाकट्याच्या मनात नेमका हाच विचार, याच शब्दांत, रेषेच्या पलीकडे आला. शेवटी एकाच आईची लेकरं.

अशा गुरुवारच्या एका गोळीच्या दोन झाल्या. पुढे ते गुरुवारवर थांबलं नाही. एकघाव मलूल दिसू लागले होते. थोरल्याला वाटलं, धाकटा त्याच्या दिवसांत गोळी चुकवतो, म्हणून बाबांची ही दशा. धाकट्यालाही तेच वाटलं. मग दोघांनीही औषधाच्या दुकानातून आपापली वेगळी पाकिटं आणली आणि दुसऱ्याच्या दिवशीसुद्धा गोळी द्यायला सुरुवात केली, खणाबाहेरची, पाकिटातून काढलेली, चोरून. थोरला दुकान बंद झाल्यावर देई, धाकटा जेवण झाल्यावर. दोघेही खाटेपाशी वाकून अगदी एकच वाक्य बोलत.

"घ्या बाबा. आणि त्याला बोलू नका."

एकघाव घेत. बाप जितका खंगत गेला तितका दोघांचा एकमेकांवरचा संशय वाढत गेला, आणि संशय वाढला तशी गोळी कधीही चुकेनाशी झाली. इतका नियमितपणा त्या घरात कशातच नव्हता. रक्त तपासायला नेणं मात्र कोणाच्याच वाटणीला आलं नव्हतं. खडूची रेषा ओढताना ते कोणाला आठवलंच नाही.

माझ्या आत काय आहे ते मी पाहत होतो. मंगळवारचा खण रिकामा, म्हणजे गोळी दिली. तरी रेषेपलीकडून दुसरा हात पाकीट फोडत यायचा. आधी मला उघडून बघ, मला विचार, असं मी जीव तोडून ओरडत होतो. पण अर्ध्या डब्याचा आवाज तो किती, आणि रेषेपलीकडच्या तुकड्यात डोकवायची दोघांनाही बंदीच होती.

एकघाव दात घासायचे तेव्हा चूळ गुलाबी पडायची. बेसिनमध्ये ती गुलाबी धार जायची आणि त्याच बेसिनमध्ये सकाळी भाऊ कोपरापर्यंत लाल हात धुवायचे. कोणाच्या लक्षात येणार? मग डाग उठू लागले. आधी दंडावर एक, जांभळा, तळहाताएवढा. मग मांडीवर. मग बरगडीवर. खाटेच्या कडेला नुसतं टेकलं तरी कातडीखाली रक्त साकळे.

आता मित्रांनो, दुसऱ्या कुठल्याही घरात असे डाग दिसले असते तर लोक म्हणाले असते, चला दवाखान्यात. पण ज्या घरात माया धपाट्याने दाखवतात, तिथे काळेनिळे डाग दिसल्यावर एकच गोष्ट सुचते. थोरल्याने डाग पाहिले आणि त्याला वाटलं, धाकटा बाबांना मारतो. धाकट्याला वाटलं, थोरला मारतो. दोघांनी बापाला वेगवेगळं विचारलं. एकघाव दोघांनाही म्हणाले की ओंडक्याला धडकलो. मार खाल्लेला माणूस हेच म्हणतो. झालं, दोघांची खात्रीच पटली. थोरला अर्ध्या ओंडक्यावर सुऱ्यांना धार लावू लागला आणि दुसऱ्या अर्ध्यावर धाकटा. दिवसभर खस्स खस्स आवाज चाले, आणि कापायला तर तेवढं मटणही नव्हतं.

एका गुरुवारी संध्याकाळी ताईचा ट्रक दाराशी लागला. बरेच दिवस ती लांबच्या फेऱ्यांवर होती. घरात पाऊल ठेवल्यावर तिला आधी अर्धं टेबल दिसलं, मग अर्धी छत्री, मग खडूची रेषा. तिला वाटलं, आपल्याला ट्रक चालवून भोवळ आली आहे. एकघाव हात धुवायला उठले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. दोन्ही दंड वांग्यासारखे झाले होते.

ताईने हळू आवाजात विचारलं, "कोणी?"

ताईचा हळू आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. थोरल्याने धाकट्याकडे बोट दाखवलं आणि धाकट्याने थोरल्याकडे. मग दोघांनाही एकदमच कळलं की समोरचा माणूस बापाला मारून वर आपल्यावर ढकलतो आहे. थोरल्याने सत्तूर उचलला. धाकट्याने सुरा उचलला. खडूची रेषा चपलांखाली पुसली गेली. पहिला घाव दाराच्या चौकटीत रुतला, दुसऱ्याने आकड्यांची दांडी खाली आणली, आणि आकडे खणखणत ताईच्या पाठीवर पडले. ताईने एक आकडा उचलून थोरल्याच्या पाठीत उलट्या बाजूने घातला आणि अर्धं टेबल धाकट्याच्या अंगावर लोटलं. थोरल्याची भुवई फुटली, धाकट्याचं नाक फुटलं. काच, हाडं, पिशव्या, सगळं पायांखाली आलं. माझा थोरल्याकडचा तुकडा फळीवरून खाली पडला आणि कोणाच्या तरी टाचेखाली माझ्या बुधवारला तडा गेला.

आणि मग थोरल्याने खरोखरच मारायला सत्तूर वर नेला, खांद्याच्या मागे, बापाने शिकवला होता तसा. धाकट्याचा सुरा त्याच्या पोटाच्या रोखाने होता. त्या दोघांच्या मधे एकघाव येऊन उभे राहिले. खाटेवरून ते कसे उठले, कोणीच पाहिलं नाही. त्यांनी फक्त हात वर केला.

थोरल्याने घाव आवरला. आवरला म्हणून बरं, नाही तर मी ही गोष्ट सांगायला थांबलोच नसतो. सत्तुराचं नुसतं टोक एकघावांच्या मनगटाच्या वर लागलं. नखाएवढी जखम. दाढी करताना होते तेवढी. तिघा भावंडांनी सुटकेचा श्वास टाकला.

रक्त आलं. येत राहिलं. एकघावांनी त्यावर अंगठा दाबला, तर अंगठ्याखालून आलं. ताईने पंचा गुंडाळला, पंचा भिजला. दुसरा गुंडाळला, तोही. धाकटा सुरा टाकून गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी बोटांच्या फटींतून थेंब फरशीवर पडत राहिले. एक थेंब माझ्यावर पडला, बरोबर गुरुवारवर. बोकडात किती रक्त असतं ते या मुलांना तोंडपाठ होतं. आपल्या बापात किती असतं याचा हिशेब त्यांना येत नव्हता.

"हे थांबत का नाहीये?" धाकटा विचारत होता. भावाला विचारत होता. इतक्या दिवसांनंतर तो भावाशी बोलला.

थोरला म्हणाला, "मला माहीत नाही रे."

ताईने दुकानातल्या सुतळीने बापाचा दंड करकचून आवळला, त्यांना उचललं आणि जाता जाता ओरडली की औषधं घ्या बरोबर. दोघांनी माझा आपापला तुकडा खिशात घातला. ट्रकमध्ये मी एकाच वेळी दोन खिशांत होतो. एका खिशात थोरल्याची मांडी थरथरत होती आणि दुसऱ्या खिशात धाकट्याची, आणि दोघांना वाटत होतं की फक्त आपलीच.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एकघावांची जखम पाहिली, मग दंड, मग हिरड्या. रक्त तपासायला पाठवलं. मग मागे वळून विचारलं की यांना रोज किती गोळ्या देता.

"एक," थोरला म्हणाला.

"एक," धाकटा म्हणाला.

"देतं कोण?"

"मी," दोघेही म्हणाले.

थोरल्याने खिशातून माझा तुकडा काढून टेबलावर ठेवला. धाकट्याने शेजारी आपला ठेवला. डॉक्टरीणबाईंनी बोटाने दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले. गुरुवार पूर्ण झाला. त्याच्यावरचा रक्ताचा थेंब मात्र अजून ओला होता. कोणी हा डबा असा कापला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे रोज बरंच काही कापलेलं येत असावं.

त्यांनी एकघावांना विचारलं, "दोन दोन गोळ्या पोटात जात होत्या, तुम्हाला कळलं नाही?"

"कळत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

एकघाव म्हणाले, "एकाला सांगितलं असतं की दुसऱ्यानेही दिली, तर तो त्या दुसऱ्याच्या अंगावर सुरा घेऊन गेला असता. त्यापेक्षा गोळी गिळणं सोपं."

लोक मूग गिळून बसतात. हे गोळ्या गिळून बसले होते. आपल्या घरात रक्त सांडू नये म्हणून या माणसाने आपलं रक्त पाण्यासारखं पातळ करून घेतलं होतं.

पुढचे दोन दिवस मी खाटेशेजारच्या टेबलावर पडून होतो आणि एकघाव जगतात की नाही ते पाहत होतो. गोळीचा उतारा म्हणून सुया टोचल्या. पिशव्यांनी रक्त चढवलं. बदल्यात रक्त द्यायला भाऊ गेले तेव्हा थोरल्याने एक पिशवी दिली, म्हणून धाकट्याने दोन घ्या म्हणून हट्ट धरला. नर्सबाईंनी त्याला हाताला धरून बाहेर बसवलं आणि बिस्कीट दिलं. ताई व्हरांड्यात बसून राहिली. तिने एकदाच भावांना जवळ बोलावलं, दोघांच्या फुटलेल्या तोंडांकडे पाहिलं आणि धपाटा मारायला हात उचलला. मग तो तसाच खाली घेतला आणि दोघांच्या पाठीवर नुसता ठेवला. दोघेही दचकले. त्यांना वाटलं, मारण्याची ही कुठली नवी रीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकघावांनी डोळे उघडून चहा मागितला, आणि चहा आणला तर तो पांचट आहे म्हणाले. तेव्हा आम्ही ओळखलं, वाचले.

घरी आल्यावर ताईने ट्रकच्या हत्यारांच्या पेटीतून बारीक बर्मा काढला, माझ्या दोन्ही काठांना भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने मला शिवलं. भूल वगैरे काही दिली नाही. बुधवारच्या तड्यावर गोंद थापला. पाकिटं तिने एका पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद केली आणि सांगितलं की आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून मला भरायचं, एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने बघायचं. गोळी माझ्यातूनच द्यायची, दुसऱ्या कुठूनही नाही. दिली की झाकण उघडंच ठेवायचं. झाकण उघडं आणि खण रिकामा, म्हणजे झालं, पुन्हा हात लावायचा नाही. रविवारला झाकणच नाही, तर त्या दिवशी खणात डोकावून बघायचं. महिन्याची तपासणी ताई स्वतः करवून आणते. एकघाव ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून जातात आणि वाटेत लोकांना हात करतात.

भाऊ अजूनही बोलत नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. टेबल अर्धंच आहे. पण रोज जेवणानंतर एक जण दुसऱ्याला विचारतो, "दिली?" आणि दुसरा सांगतो, "दिली." नाही तर, "नाही, तू दे." इतकंच. मित्रांनो, माझ्या ऐकण्यात दोन भावांमधलं याहून लांब संभाषण अजून तरी आलेलं नाही, आणि तेवढ्यावर एक माणूस जिवंत आहे.

मी आता म्हातारा झालो. नवा डबा चार पैशांत मिळतो, पण एकघाव ऐकत नाहीत. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कोणीतरी रोज गोळी घेत असेल आणि कुठल्या तरी कपाटावर माझा एखादा भाऊबंद बसला असेल. त्याच्याकडे बघितल्याशिवाय गोळी देऊ नका. राहिली असेल असं नुसतं वाटलं, म्हणून तर मुळीच देऊ नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. त्याच्याशी भांडण असेल तर आधी त्यालाच विचारा, कारण ज्याच्याशी आपण बोलत नाही तो काय करून बसला आहे, हे आपल्याला कधीच ठाऊक नसतं. आणि कृपा करून डब्यांवर सत्तूर चालवू नका. फार लागतं.

माझा गुरुवार मात्र पूर्वीसारखा कधीच झाला नाही. तारेच्या शिवणीमुळे त्याचं झाकण अडकतं. एकाने माझे दोन्ही काठ घट्ट दाबून धरले तरच दुसऱ्याला ते उघडता येतं. एकट्याला जमत नाही, थोरल्याने करून पाहिलं, धाकट्यानेही करून पाहिलं. म्हणून गुरुवारी जेवण झाल्यावर दोघेही खाटेपाशी येतात.

आज गुरुवार आहे. एकघाव पाण्याचा पेला घेऊन बसले आहेत. थोरल्याने मला दोन्ही हातांनी धरलं आहे, आणि धाकटा नखाने झाकण उचकटतो आहे.

"धर नीट," तो म्हणतोय.

"धरलंय," थोरला म्हणतोय.